वर्गांतील अबोल विद्यार्थी

ज्या भाषेंत पाठ चालला आहे ती भाषाच ज्याला अवगत नाहीं, त्या विद्यार्थ्याची वर्गांतील स्थिति मोठी चमत्कारिक असते. हजेरीपटांत त्याच्या नांवापुढें उपस्थितीची खूण पडते; इतरांप्रमाणें त्याच्याहि पुढें पुस्तक उघडलेलें असतें. परंतु शिक्षकाचा शब्द त्याच्या कानापर्यंत पोंचतो आणि तेथेंच थांबतो. चार महिने असे गेले म्हणजे हा मुलगा 'मंद' ठरतो आणि पुढें पुढें तो स्वतःहि तसेंच मानूं लागतो. भाषेची अडचण ही बुद्धीची अडचण समजली जावी, याहून मोठा अन्याय शाळेच्या चार भिंतींत क्वचितच होत असेल.

या अन्यायाचा विचार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयास करावा लागला. कॅलिफोर्निया संस्थानांतील सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या सार्वजनिक शाळांत इंग्रजी न जाणणारे चिनी वंशाचे २,८५६ विद्यार्थी होते. त्यांपैकीं सुमारें १,००० जणांना इंग्रजीचें जादा शिक्षण मिळे. उरलेल्या सुमारें १,८०० जणांना कसलेंहि साहाय्य मिळत नव्हतें. पालकांनीं दाद मागितली. शाळाखात्याचें म्हणणें असें कीं, सर्वांना तीच इमारत, तींच पुस्तकें, तोच अभ्यासक्रम दिला असतां पक्षपात झाला असें कसें म्हणावें? 'लाउ विरुद्ध निकल्स' या नांवानें प्रसिद्ध झालेल्या या खटल्याचा निकाल २१ जानेवारी १९७४ रोजीं लागला. न्यायमूर्ति विल्यम डग्लस यांनीं लिहिलेल्या निकालपत्राचा आशय असा होता कीं, केवळ सारखीं साधनें पुरविल्यानें समान वागणूक होत नाहीं. ज्यांना इंग्रजी समजत नाहीं त्यांना खऱ्याखुऱ्या शिक्षणाचा दरवाजा बंदच राहतो. न्यायालयानें हा निर्णय १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याच्या आधारें दिला. मात्र उपाय अमुकच करावा, असें त्यानें सांगितलें नाहीं.

पुढें १९८१ सालीं 'कास्टान्येडा विरुद्ध पिकार्ड' या खटल्यांत तेथील एका अपील न्यायालयानें तीन कसोट्या घालून दिल्या. शाळेची योजना शिक्षणशास्त्राच्या योग्य तत्त्वावर उभी असावी. ती खरोखर अमलांत यावी. आणि कांहीं काळानें तिचें फळ दिसावें, न दिसल्यास ती बदलावी. या तीन कसोट्या न्यायाधीशाच्या आहेत खऱ्या. पण प्रत्येक शिक्षकाला आपल्या पाठाच्या टाचणालाहि त्या लावून पाहतां येतील.

अशा विद्यार्थ्याच्या बाबतींत शाळा सामान्यतः दोनपैकीं एक मार्ग धरतात. पहिला मार्ग, त्याला पाण्यांत टाकावें, पोहावयास आपोआप येईल, असा. दुसरा मार्ग दयेचा: इतर मुलें विज्ञान शिकत असतां त्याला चित्रें रंगवावयास द्यावीं. पहिल्यांत मुलगा बुडतो, दुसऱ्यांत त्याला पाण्याजवळ जाऊंच दिलें जात नाहीं. तिसरा मार्ग कष्टाचा आहे. विचार सर्वांसाठीं तोच व तेवढाच उंच ठेवावयाचा, परंतु तेथवर चढण्यासाठीं भाषेची परांची बांधावयाची. गवंडी भिंत उभारतांना परांची बांधतो आणि भिंत पक्की झाली कीं सोडून घेतो. हाच दृष्टान्त वुड, ब्रूनर व रॉस या मानसशास्त्रज्ञांनीं १९७६ सालीं अध्यापनाला लावला आणि तो शिक्षणशास्त्रांत रूढ झाला.

परांची किती काळ ठेवावी? येथें शिक्षकाची फसगत होण्याचा संभव असतो. कॅनडांतील विद्वान जिम कमिन्स यांनीं १९७९ च्या सुमारास भाषेचे दोन थर दाखवून दिले. एक खेळाच्या मैदानावरची, रोजच्या संभाषणाची भाषा. ती साधारण दोन वर्षांत येते. दुसरी पुस्तकाची, कारणमीमांसेची भाषा. तींत बरोबरीच्या मुलांना गांठावयास बहुधा पांच ते सात वर्षें लागतात. मुलगा मधल्या सुटींत फाडफाड इंग्रजी बोलतांना ऐकूं आला कीं शिक्षक निश्चिंत होतो व साहाय्य काढून घेतो. मग भूगोलाच्या परीक्षेंत तोच मुलगा कां अडखळतो, याचें त्याला नवल वाटतें.

शब्दांचीच गोष्ट घ्या. 'टेबल' म्हणजे मेज, हें मूल पहिल्या आठवड्यांत शिकतें. गणिताच्या तासाला तोच शब्द कोष्टकाचा अर्थ घेऊन येतो. 'व्हॉल्यूम' कोठें ग्रंथाचा खंड होतो, कोठें आवाजाची पट्टी, तर कोठें घनफळ. 'प्रॉडक्ट' हा बाजारांत माल आणि अंकगणितांत गुणाकार. अवघड पारिभाषिक शब्द शिक्षक समजावून सांगतोच. हे साधे दिसणारे शब्दच मुलाला नकळत पाडतात. म्हणून पाठाच्या टाचणांत दोन उद्दिष्टें शेजारीं शेजारीं लिहावीं, अशी शिफारस एचेव्हारिया, व्होग्ट व शॉर्ट या तीन अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ स्त्रियांनीं आपल्या अध्यापनपद्धतींत केली आहे. एक उद्दिष्ट विषयाचें, दुसरें भाषेचें. विद्यार्थ्याला आज काय कळावें, हें पहिलें. तें सांगण्यासाठीं कोणते शब्द व कोणती वाक्यरचना लागेल, हें दुसरें.

बाष्पीभवनाचा पाठ उदाहरणादाखल घेऊं. शिक्षक व्याख्येनें आरंभ करीत नाहीं. तो दोन सारखीं फडकीं भिजवितो. एक उन्हांत टाकतो, दुसरें सावलींत. कोणतें आधीं वाळेल, याचा अंदाज प्रत्येकानें करावयाचा. ज्याला बोलतां येत नाहीं त्यानें बोट दाखवावयाचें. बोट दाखविण्यांतहि विचार आहेच. मग फळ्यावर चित्र येतें, चित्राजवळ पांचसहाच शब्द येतात, आणि त्यांखालीं एक अपुरें वाक्य: अमुक फडकें आधीं वाळलें, 'बिकॉज'—आणि पुढें रिकामी जागा. नवखा विद्यार्थी चित्राला नांवें देतो. थोडी भाषा आलेला तें वाक्य पुरें करतो. भाषा चांगली आलेला परिच्छेद लिहितो. तिघांनाहि उष्णता आणि वाफ यांचा संबंध ओळखावाच लागतो. तपासतांना मात्र दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात. क्रियापदाचें रूप चुकलें पण कारण बरोबर दिलें, तर विज्ञानाचे गुण कापण्याचें प्रयोजन नाहीं.

प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो, यालाहि महत्त्व आहे. मेरी बड रो या संशोधक बाईंनीं वर्गांतील संभाषणें तपासलीं, तेव्हां शिक्षक सरासरी सुमारें एकच सेकंद थांबतात असें आढळलें. तो वेळ तीन सेकंदांवर गेला कीं उत्तरें लांबतात आणि एरवीं गप्प बसणारीं मुलेंहि बोलूं लागतात. ज्याला प्रश्न आधीं आपल्या भाषेंत उलगडावा लागतो आणि उत्तर पुन्हा परभाषेंत गुंफावें लागतें, त्याच्या दृष्टीनें या दोन सेकंदांची किंमत केवढी असेल!

त्याहून पुढची पायरी म्हणजे वर्गाला त्या मुलाची गरज वाटेल अशी रचना करणें. टेक्सासमधील ऑस्टिन शहरीं निरनिराळ्या वंशांचीं मुलें एकत्र शिकूं लागलीं आणि वर्गांत तेढ वाढली, तेव्हां १९७१ सालीं एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञानें एक युक्ति योजली. पाठाचे तुकडे करून गटांतील प्रत्येकाला एक एक तुकडा द्यावयाचा. सर्व तुकडे जुळल्यावांचून कोणालाच पाठ पुरा कळावयाचा नाहीं. मग इंग्रजींत अडखळणाऱ्या सोबत्याला हंसून चालत नाहीं. त्याच्याजवळचा तुकडा त्याला धीर देऊन, नीट प्रश्न विचारून काढून घ्यावा लागतो.

मातृभाषेचें काय करावें? तिला वर्गाबाहेर ठेवण्याची रीति अनेक ठिकाणीं होती. पण स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाला बाष्पीभवनाचा इंग्रजी शब्द अर्धा ठाऊकच असतो. दोन्ही भाषांतील शब्द एकाच लॅटिन मुळाचे आहेत. चिनी मुलाला असा शब्दाचा आधार नाहीं, परंतु कल्पनेचा आहे. शेजाऱ्याशीं स्वभाषेंत दोन मिनिटें बोलून घेतलें तर तो इंग्रजी वाक्याला अधिक विश्वासानें हात घालतो.

हा प्रश्न महाराष्ट्रालाहि परका नाहीं. येथें २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविलें जातें, आणि सेमी इंग्रजी शाळांत मराठी घरांतील मुलें गणित व विज्ञान इंग्रजींतून शिकतात. ज्याला 'बाष्पीभवन' समजलें आहे त्याला केवळ नवा शब्द शिकावयाचा असतो. ज्याला समजलें नाहीं तो इंग्रजी शब्द पाठ करतो आणि दोन्हींकडून रिता राहतो. गडचिरोलींतील माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला तर मराठी हीच शाळेची पहिली परभाषा असते. इंग्रजी त्यानंतर येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत विज्ञान व गणित यांचीं द्विभाषिक पुस्तकें व्हावीं असें म्हटलें आहे. परंतु पुस्तक द्विभाषिक झालें तरी पाठ तसा होणें शिक्षकाच्याच हातीं आहे.

पन्नास मुलांच्या वर्गांत हें सर्व कसें साधावें, हा आक्षेप खरा आहे. सगळें एकदम साधणारहि नाहीं. पण आठवड्यांतून एक पाठ असा टांचतां येतो: एक प्रत्यक्ष वस्तु, पांच शब्द, एक अपुरें वाक्य, जोडीनें बोलण्याचीं दोन मिनिटें. अनुभव असा येतो कीं याचा लाभ परभाषिक मुलांनाच नव्हे, मागें पडलेल्या इतर मुलांनाहि होतो. मात्र पाठ कळला कीं नाहीं याची चौकशी करतांना पहिल्या बांकावरच्या उंचावलेल्या हातावर विसंबूं नये. महिनाभर ज्याचा आवाज ऐकूं आला नाहीं, त्याच्या वहींतील चित्र व त्याखालचें अर्धेंमुर्धें वाक्य शिक्षकानें आधीं पाहावें, आणि उद्यांच्या पाठाचें टाचण त्यावरून करावें.