छंद माझा : फितीवरचा एको

(मंडळाच्या सभासदांच्या छंदांविषयीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



व्यासपीठावर बोलण्याची मला सवय नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल व दूरसंचार विभागात लागलो, तेव्हापासून माझे बोलणे बहुतेक रिले आणि केबलशीच. तेव्हा सांभाळून घ्यावे.

मंडपात माईकवाला "हॅलो, हॅलो" म्हणतो आणि मागून तेच शब्द दोन-तीनदा येतात. तो 'एको' आपण सर्वांनी ऐकला आहे. आज हे काम एक छोटी चिप करते. पूर्वी ते चुंबकीय फीत करीत असे. अशी जुनी यंत्रे जमवणे, दुरुस्त करणे आणि घरच्या ध्वनिमुद्रणात वापरणे हा माझा छंद. क्वार्टरची मागची खोली हा माझा स्टुडिओ, आमच्या सौ. तिला 'लोको शेड' म्हणतात.

यातली युक्ती सोपी आहे. आवाज एका हेडवर फितीत नोंदला जातो आणि पुढच्या हेडवर ऐकू येतो. दोन हेडमध्ये दोन इंच अंतर असले आणि फीत सेकंदाला साडेसात इंच धावत असली, तर आवाज सुमारे ०.२७ सेकंद उशिरा येतो. वेग दुप्पट केला की उशीर निम्मा. अंतर भागिले वेग, म्हणजे आपले गाडीचे वेळापत्रकच! अमेरिकेत मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी १९५० च्या दशकात एल्विस प्रेस्लीच्या आवाजाला फितीचाच एको दिला होता.

जपानच्या रोलँड कंपनीचा 'स्पेस एको आरई-२०१' १९७४ साली आला. त्यात रीळ नाही. पाव इंची फितीचे लांब वेटोळे एका सपाट कप्प्यात सुटे पडलेले असते आणि ते फिरत फिरत तीन प्लेबॅक हेडवरून जाते. सोबतीला स्प्रिंगचा रिव्हर्ब. असा एक मला कोलकात्याच्या चांदनी चौकात, मोडीत निघालेल्या एका ऑर्केस्ट्राच्या सामानात मिळाला. तो १०० व्होल्टचा, म्हणून आपल्या २३० व्होल्टसाठी आधी स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर जोडला. वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले, हेड अल्कोहोलने पुसली, त्यांत साठलेले चुंबकत्व उतरवले, नवी फीत जोडली. बालमित्रांना एक सूचना: अशी यंत्रे, विशेषतः व्हॉल्व्हची, एकट्याने उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज शिल्लक राहू शकते.

आपण विचाराल, संगणकात हेच जवळजवळ फुकट मिळते, मग हा खटाटोप कशाला? खरे सांगतो, गाण्यात मिसळल्यावर दोन्हींतला फरक ओळखणे मलाही कठीण जाते. पण या यंत्रात आवाज का बदलतो ते डोळ्यांना दिसते. फीत झिजली की एको मंदावतो, रोलर घसरला की सूर थरथरतो. दोष शोधायला शिकवणारा असा गुरू दुसरा नाही.

मागच्या वर्षी कोलकात्याच्या एका संग्राहकाने या यंत्राला चांगली किंमत देऊ केली. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या वर्षभराच्या फीइतकी. घरात दोन दिवस चर्चा झाली. तो गृहस्थ ते काचेच्या कपाटात ठेवणार होता. उभी गाडी आणि बंद यंत्र, दोन्ही लवकर खराब होतात. रबर कडक होते, कपॅसिटर मरतात. मुलगीच म्हणाली, "बाबा, फीचे बघू, पण हे कपाटात नको." सध्या वसाहतीतली तीन मुले रविवारी माझ्याकडे शिकायला येतात: एक बंगाली, एक तेलुगू, एक आपला मराठी. माझी बदली झाली की यंत्र माझ्याबरोबर जाणार नाही. त्या तिघांपैकी जो ते स्वतः दुरुस्त करू शकेल, त्याचे ते होईल. किंमत घेणार नाही.

आता थोडे मंडळाच्या कामाचे. आरत्यांच्या ध्वनिमुद्रणात मी आवाज आधी कोराच घेतो आणि एको वेगळ्या ट्रॅकवर ठेवतो, म्हणजे नंतर कमी-जास्त करता येतो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. एको पाव सेकंदावर ठेवला की तो टाळांच्या ठेक्यात बसतो. नाहीतर पायांत पाय अडकतात.

आणि मंडपातील कार्यकर्त्यांना हात जोडून विनंती. एकोने आवाज भारदस्त वाटतो, पण शब्द बुडतात. आरतीला तो अगदी थोडा ठेवा आणि सूचनेच्या वेळी पूर्ण बंद करा. गर्दीत हरवलेल्या मुलाचे नाव पुकारताना आई-बापांना ते पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू आले पाहिजे. स्टेशनवरच्या घोषणेचे महत्त्व आपणा रेल्वेच्या माणसांना वेगळे सांगायला नको.

ज्यांच्या माळ्यावर जुना टेपरेकॉर्डर पडून असेल, त्यांनी तो भंगारवाल्याला देण्याआधी एकदा 'लोको शेड'मध्ये आणावा. चहा सौ. देतील, अशी आशा आहे.