बारशाचे नाव : काल आणि आज
(सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आम्हाला येथे बोलण्यास पाचारण केले, याबद्दल चालकांचे मनःपूर्वक आभार. विषय निवडण्याची मोकळीक त्यांनी आम्हालाच दिली होती. अशा प्रसंगी संस्कृती, कर्तव्य, समाजोन्नती असे भारदस्त विषय घेण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र अगदी घरगुती विषय घेतला आहे, तो म्हणजे आपल्या मुलाबाळांची नावे.

थोड्या वेळाने बक्षीसपात्र विद्यार्थ्यांची नावे पुकारली जातील, तेव्हा आपण नीट कान द्यावा. पहिले नाव येईल अथर्व, वेदांत, स्वरा किंवा अनन्या असे. मागोमाग वडिलांचे नाव येईल, ते बहुधा संतोष, संदीप किंवा राजेश असेल. त्या वडिलांच्या वडिलांचे नाव विचारले तर पांडुरंग, दत्ताराम किंवा पुंडलिक असे उत्तर मिळेल. एका घरातल्या तीन नावांत शंभर वर्षांचा इतिहास उभा राहतो. तोच थोडा उलगडून पाहावा, असा आमचा मानस आहे.

आपल्या वाडवडिलांच्या काळी नाव शोधावे लागत नसे, ते आधीच ठरलेले असे. थोरल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवायचे आणि मुलीला आजीचे. आपल्या गोमंतकातल्याच एका थोर घराण्याचे उदाहरण घेऊ. बौद्ध धर्माचे गाढे अभ्यासक धर्मानंद कोसंबी १८७६ साली साखवाळ येथे जन्मले. त्यांच्या वडिलांचे नाव दामोदर. १९०७ साली धर्मानंदांना मुलगा झाला, त्याचेही नाव दामोदर ठेवले. हेच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झालेले दामोदर धर्मानंद कोसंबी. पण या दामोदरांनी आपल्या मुलींची नावे ठेवली माया आणि मीरा. एका पिढीपर्यंत आजोबांचे नाव चालत आले आणि पुढच्या पिढीत सुटसुटीत नवी नावे आली. जे कोसंबींच्या घरी झाले तेच थोड्याफार फरकाने आपणा सर्वांच्या घरी झाले.

या जुन्या रिवाजात एक गंमत होती. सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, असा त्या काळचा दंडक. आता मुलाचे नाव सासऱ्याचेच, मग आईने त्याला हाक कशी मारावी? म्हणून तो घरात बाबू, बाळा, आपा किंवा भाई होई आणि खरे नाव शाळेच्या पटावर राही. आपल्याकडे घरोघर जी लाडकी नावे दिसतात, त्यांतली कित्येक निव्वळ लाडापोटी नव्हे तर अशा अडचणीपोटीही जन्मली आहेत.

दुसरा आधार होता देवाचा. आमच्या कारापुरात वाळवंटीच्या काठी विठ्ठलापूरचा विठोबा आहे आणि शेजारच्या साखळीला दत्तमहाराज आहेत. तेव्हा विठ्ठल, पांडुरंग, पुंडलिक, रुक्मिणी, दत्ताराम, दत्तात्रय, गुरुदास ही नावे या पंचक्रोशीत घरोघर असावीत यात नवल नाही. फोंडा महालाच्या बाजूला गेले की मंगेश, नागेश, रामनाथ आणि शांता ही नावे भेटतात. पूर्वी नावावरून माणसाचा देव कळे आणि देवावरून गाव कळे.

पण सर्वांच्याच वाट्याला देवाचे सुंदर नाव येत नसे, हेही सांगितले पाहिजे. ज्या आईची मुले जगत नसत, ती मुलाचे नाव मुद्दाम धोंडू, दगडू, भिकू, केरू असे ठेवी. हेतू हा, की नाव ओबडधोबड असले म्हणजे दृष्ट लागणार नाही आणि यम फिरकणार नाही. अधिक महिन्यात जन्मलेलाही धोंडू होई. कष्टकऱ्यांच्या घरी पुष्कळदा जन्मवारावरून आयतू, सोमा, मंगळू, बुधो अशी नावे पडत. नाव ऐकले की माणसाची जात आणि त्याची पायरी दोन्ही समजत, आणि बसायला पाट द्यायचा की उंबऱ्याबाहेरच उभे करायचे, ते त्यावर ठरे. तरीही महर्षी धोंडो केशव कर्वे यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, तेव्हा धोंडो या नावाची शोभा काही कमी झाली नव्हती.

आपल्या गोमंतकात नावांवर आणखी एक मोठे वादळ येऊन गेले. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादींत धर्मांतरे झाली, तेव्हा नावेही बदलली. कालच्या विठूला आणि केशवाला संतांची पोर्तुगीज नावे मिळाली. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून आपल्या डिचोली महालात नार्व्याला आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांच्या हाती गेले. तोपर्यंत सक्तीचा पहिला जोर ओसरला होता, म्हणून या नव्या काबिजादींत आपली जुनी नावे टिकली.

नावे टिकली, पण सरकारी दप्तरात त्यांचे रूप पालटले. पोर्तुगीज लिपिकाच्या लेखणीतून शांता ‘एक्स’ या अक्षराने सुरू होई, केशव ‘क्यू’ने सुरू होई आणि प्रभूचा ‘पोरोबो’ होई. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. शाळांतून मराठी आणि इंग्रजी आली आणि तीच नावे इंग्रजी वळणाने लिहिली जाऊ लागली. त्यामुळे एकाच माणसाचे जन्माच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि जमिनीच्या कागदावर तिसरे, अशी स्थिती झाली. वारसाहक्काच्या वेळी ‘हे तिन्ही इसम एकच’ असे सिद्ध करण्यासाठी ज्यांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्या, त्यांना नावात काय आहे हे शेक्सपिअरला विचारावे लागणार नाही!

आता तिसरा कालखंड. छापखाने, वाचनालये, नाटके, कादंबऱ्या आणि पुढे बोलपट यांनी नावांची नवी बाजारपेठ उघडली. देवाच्या नावाला पर्याय म्हणून फुलांची, चंद्राची, काव्यातली नावे आली : नलिनी, कुमुद, मालती, उषा, शशिकला. आमचे पेडण्याचे भाऊसाहेब म्हणजे दयानंद बांदोडकर हे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. त्यांच्यामागून १९७३ साली मुख्यमंत्री झालेल्या त्यांच्या कन्येचे नाव शशिकला, हे या काव्यमय काळाचेच नाव. मंगेशीच्या दीनानाथांची थोरली कन्या १९२९ साली जन्मली, तेव्हा तिचे नाव हेमा होते. वडिलांच्या ‘भावबंधन’ नाटकातील लतिका या पात्रावरून ती लता झाली. पुढे चेंडूफळीचे वेड आले. सुनील गावसकरांनी आपल्या मुलाचे नाव वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हाय यांच्यावरून रोहन ठेवले, तर कवी रमेश तेंडुलकरांनी १९७३ साली जन्मलेल्या मुलाचे नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून सचिन ठेवले. मग सचिनवरून किती सचिन झाले, ते आपण जाणताच.

आमच्याच परिसरात पाहा. साखळीच्या राणे घराण्यात रावजींचे पुत्र प्रतापसिंह आणि त्यांचे पुत्र विश्वजित. कोठंबीच्या सावंतांकडे पांडुरंगांचे पुत्र प्रमोद. राज्यकारभाराच्या पाटीवर जी नावे वाचली, त्यांतही हाच क्रम दिसतो.

आजचा काळ चौथा. पूर्वी पत्रिकेतले नक्षत्रनाम वेगळे असे आणि व्यवहाराचे नाव वेगळे. आता पुष्कळ ठिकाणी नक्षत्राच्या चरणाचे अक्षर घेऊन त्यावरूनच व्यवहाराचे नाव शोधतात. नाव दोन-तीन अक्षरी हवे, परदेशातही उच्चारता यावे आणि शेजारच्या घरात नसावे, अशा अपेक्षा असतात. पूर्वी सहा-आठ मुले असत, त्यांतली दोन नावे आजी-आजोबांना देऊनही बाकीची मोकळी राहत. आता एक किंवा दोन मुले, तेव्हा आजोबांची पाळी येतच नाही. याबद्दल वडीलधाऱ्यांनी रुसू नये. फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्याने नावांवर बंधन घातले होते, ते १९९३ साली सैल झाले. आपल्याकडे असे बंधन नाही, हे भाग्यच. शिवाय आजचा वेदांत कोणत्या जातीचा आणि आजची स्वरा कोणत्या वाड्यावरची, हे नावावरून ओळखता येत नाही. ज्यांच्या आजोबांना नावापायी उंबऱ्याबाहेर थांबावे लागले, त्यांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. आमची विनंती एवढीच, की नावाचा अर्थ मुलाला सांगता यावा, असे नाव निवडावे.

आता ज्यासाठी हा सारा खटाटोप केला, ती गोष्ट सांगतो. पुरुषांची नावे बदलली तरी ती वंशावळीत राहिली. स्त्रियांची राहिली नाहीत. लग्नात तांदुळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि त्याच घटकेला बारशाचे नाव मिटे. रमाबाई रानडे आणि डॉक्टर आनंदीबाई जोशी या दोघी माहेरी यमुनाच होत्या. लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका होत्या. त्या मोठ्या झाल्या, त्यांची चरित्रे लिहिली गेली, म्हणून आपल्याला हे ठाऊक. पण आपल्या घरातल्या पणजीचे बारशाचे नाव किती जणांना सांगता येईल? जिच्या आत्याने तिच्या कानात ते नाव सांगितले, ती आत्या गेली. ज्या मैत्रिणी त्या नावाने हाक मारीत, त्याही गेल्या. ज्या बायांनी मुठीमुठीने धान्य आणि आण्याआण्याने पैसा बाजूला टाकून धर्मकार्ये उभी केली, त्या पावतीवर नवऱ्याच्या नावामागे ‘सौ.’ किंवा ‘श्रीमती’ एवढ्याच उरल्या.

म्हणून न्यासाच्या सभासद कुटुंबांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. या महोत्सवी वर्षात प्रत्येक घराने एक वही घालावी. तीत निदान चार पिढ्यांची नावे लिहावीत. पुरुषांबरोबर स्त्रियांचीही लिहावीत आणि प्रत्येकीपुढे तिचे माहेरचे नाव, गाव आणि घरातले हाकेचे नाव नोंदवावे. नाव सरकारी कागदांवर जसजसे लिहिले गेले, ती सर्व रूपेही टिपून ठेवावीत. पुढे मुलांना कचेरीत त्यांचा उपयोग होईल. नव्वदीच्या घरातली माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना आजच विचारा, पुढच्या वर्षी सांगणारे कोणी असेलच असे नाही. लग्नाच्या सरकारी नोंदींत वधूचे पूर्वीचे नाव सापडते, त्यांचाही आधार घ्यावा. आणि यापुढे ज्या सुना घरात येतील, त्यांना आपले बारशाचे नाव ठेवायचे असेल तर ते आनंदाने ठेवू द्यावे.

नव्या बाळाला काय नाव ठेवावे, हे त्याच्या आईबापांनी ठरवावे. जुनी नावे पुसू द्यायची की नाहीत, ते मात्र आपण सर्वांनी ठरवायचे आहे. विठ्ठलापूरचा विठोबा या न्यासाला आणि सर्व कुटुंबांना उदंड आयुष्य देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.