एका धड्याचे सहा तुकडे

१९७१ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात वंशानुसार वेगळ्या राहिलेल्या शाळा एकत्र झाल्या. गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले एका वर्गात आली, आणि काही आठवड्यांतच मारामाऱ्या सुरू झाल्या. शाळाखात्याने टेक्सास विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांना पाचारण केले.

अ‍ॅरन्सन आणि त्यांचे विद्यार्थी आधी वर्गात बसून नुसते पाहत राहिले. बाई प्रश्न विचारतात, पाच-सहा हात वर जातात, एकाला संधी मिळते, बाकीचे हिरमुसतात. त्याचे उत्तर चुकले की तेच चेहरे उजळतात. सोबत्याच्या चुकीत आपला फायदा असतो, हा धडा कुठल्याही पुस्तकात नसतो. तरी तो रोज गिरवून घेतला जातो.

मग पाचवीच्या वर्गात सहा-सहा मुलांचे मिश्र गट केले. पत्रकार जोसेफ पुलित्झर यांच्या चरित्राचे सहा भाग पाडून प्रत्येकाला एकच दिला. उरलेले पाच भाग कळायचे तर सोबत्यांकडूनच. शेवटी परीक्षा मात्र पूर्ण चरित्रावर.

एका गटात कार्लोस होता (अ‍ॅरन्सन यांनी दिलेले टोपणनाव). घरची भाषा स्पॅनिश, त्यामुळे इंग्रजी बोलताना तो अडखळे, आणि मुले त्याला हसत. त्यावर अ‍ॅरन्सन यांच्या सहायकाने रागावण्याऐवजी एवढेच सांगितले, की चिडवल्याने पुलित्झरबद्दल काही कळणार नाही आणि परीक्षा जवळ आली आहे. हळूहळू मुले त्याला नेमके प्रश्न विचारू लागली, धीराने ऐकू लागली. कार्लोस बोलता झाला. मुलांना उपदेश न करता कामाची मांडणी बदलली, एवढीच काय ती जादू.

काही आठवड्यांनी या वर्गांतली मुले एकमेकांना अधिक पसंत करू लागली, गैरहजेरी घटली, अल्पसंख्य मुलांचे गुण वाढले आणि गोऱ्या मुलांचे घटले नाहीत. पुढे इतर ठिकाणच्या सगळ्याच चाचण्यांत इतका फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे.

मुलांना नुसते एकत्र आणून भागत नाही, हे त्याआधी १९५४ साली मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरिफ यांनी ओक्लाहोमातल्या मुलांच्या शिबिरात पाहिले होते. भांडणाऱ्या दोन गटांना एका खोलीत जेवायला बसवले, तर अन्नाचीच फेकाफेक झाली. शिबिराचे पाणी बंद पडले, ट्रक सुरू होईना, तेव्हा मात्र ती मुले खांद्याला खांदा लावून राबली. ट्रक ओढायला दोर वापरला तोही रस्सीखेचीचाच!

आपल्याकडच्या गटकार्यात बहुधा एक हुशार मुलगी तक्ता रंगवते आणि खाली पाच नावे लागतात. शिक्षकांनी पुढच्या सत्रात एखादा धडा असा वाटून पाहावा, की पाचांपैकी एकाचेही ऐकायचे राहिले तर तो कुणाचाच पूर्ण होणार नाही. खर्च कागदाचा आणि थोड्या तयारीचा आहे.