युद्ध संपल्यानंतरचे घर



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या तासाला मी एकदा झोपी गेलो होतो. साल १९७४, इयत्ता सातवी. सरांनी छडी उचलली नाही. तास संपल्यावर त्यांनी हळूच विचारले, "रात्री झोप होत नाही का रे?" मी म्हणालो, "अभ्यास करतो, सर." ते उत्तर खोटे होते. माझे वडील रात्री ओरडत उठत आणि सारे घर जागे राही.

बेळगावला सैनिकाचे घर दाखवावे लागत नाही. मराठा पलटणींचे केंद्र येथे. खानापूर-चंदगडपर्यंत गावोगावच्या भिंतींवर गणवेशातली छायाचित्रे आहेत. आप्पा हवालदार होते. १९७१ च्या युद्धात ते पूर्व आघाडीवर होते. अंगावर ओरखडाही न उमटता परतले. गावाने सत्कार केला. परंतु दिवाळीत फटाके सुरू झाले की ते शेतावर निघून जात. घरात भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करूनच बसत. एका रात्री धाकट्या बहिणीने त्यांना हलवून उठवले, तेव्हा झोपेतच त्यांचा हात तिच्या गळ्याशी गेला. त्या दिवसापासून ते कायम ओसरीवर निजले. लोक म्हणत, हवालदार तापट आहेत. आईने आम्हांस एवढेच शिकवले : आप्पांना हात लावून उठवायचे नाही, लांबून हाक मारायची.

या दुखण्याला नाव मिळायला फार काळ लागला. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय लेखात वापरला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूस इजा होते, असा तेव्हा समज होता. गोळा जवळ न फुटलेल्यांतही तीच लक्षणे दिसू लागली, तेव्हा तो समज डळमळला. ज्यांना हे कळले नाही त्यांनी त्यास भ्याडपणा ठरवले. त्या महायुद्धात पलायन, भ्याडपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ ब्रिटिश व राष्ट्रकुल सैनिकांना २००६ साली ब्रिटनने मरणोत्तर क्षमा दिली. त्यांतील काही जण गुन्हेगार नव्हते, आजारी होते, हे मान्य व्हायला नव्वद वर्षे लागली.

त्याच काळात एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर निराळ्या वाटेने गेले. हेच रिव्हर्स त्यापूर्वी निलगिरीच्या तोडा लोकांमध्ये राहून त्यांचा अभ्यास करून गेले होते. "विसरून जा" हा सल्लाच रुग्णास घातक ठरतो, असे त्यांचे निरीक्षण होते. दडपलेली आठवण रात्री परत येते. सोसवेल तेवढी तिला सामोरे जाऊ द्यावे, असे ते म्हणत. पुढे व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या आग्रहामुळे १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत 'आघातोत्तर तणाव विकार' हे नाव आले.

आज यावर उपचार आहेत. एका पद्धतीत रुग्ण तो प्रसंग तज्ज्ञासमोर, सुरक्षित खोलीत, पुनःपुन्हा सांगतो. हळूहळू मेंदूस उमगते की ही आठवण आहे, चालू लढाई नव्हे. दुसऱ्या पद्धतीत "माझ्यामुळेच माझा साथीदार गेला" अशा मनात रुतलेल्या समजुती तपासल्या जातात. असे उपचार बहुधा तीन-चार महिन्यांत पूर्ण होतात. जोडीला औषधेही देता येतात. मात्र घरच्यांनी खोदून खोदून विचारणे हा उपचार नव्हे. आणि रम हा तर मुळीच नव्हे. ती झोप आणते आणि विश्रांती हिरावते.

परंतु माझ्या मते उपचाराचा अर्धा भाग घराचा आहे. ज्या स्त्रीने पंचवीस वर्षे लांबून हाक मारली, तिची झोपही युद्धाने घेतलेली असते. तिला दुखणे समजावून सांगणे, पती-पत्नींना एकत्र बसवणे, मुलांना "बाबा तुमच्यावर रागावलेले नाहीत, ते आजारी आहेत" हे वाक्य देणे, हे औषधाइतकेच आवश्यक आहे. ते वाक्य आम्हां भावंडांना मिळाले नाही. माझी बहीण कितीतरी वर्षे स्वतःलाच दोषी मानत राहिली.

आता कबुली देतो. मी मानसोपचारतज्ज्ञ झालो. परक्या सैनिकांपुढे तासन्‌तास बसलो. आप्पा १९९६ साली गेले, तोपर्यंत मी त्यांना एकदाही विचारले नाही. शिस्तीच्या माणसाला असे विचारू नये, अशी माझी समजूत होती. खरे म्हणजे मला उत्तराची भीती वाटत होती. दिवसकार्य उरकल्यावर आई म्हणाली, "तू डॉक्टर झालास तेव्हा वाटलं होतं, आता तरी कुणी विचारील."

आज विचारणे पूर्वीपेक्षा सोपे आहे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते. सैन्यदलांतील लोक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात या सेवेचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. निवृत्त सैनिकांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे. तेथे गुडघ्याची तक्रार सांगतो त्याच मोकळेपणाने झोपेची तक्रारही सांगावी.

शिक्षकबंधूंना एकच विनंती. वर्गात एखादे मूल पेंगत असेल, तर सरांसारखे हळू विचारा. ते खोटे बोलेल. तरी पुन्हा एकदा विचारा. सरांनी पुढे वर्षभर मला मधल्या सुट्टीत वाचनालयाच्या बाकावर निजू दिले आणि कारण कधी विचारले नाही. त्यांना ते ठाऊक होते की काय, हे मला कळले नाही. ते आज असते, तर मी त्यांना खरे उत्तर दिले असते. ते आपल्यासमोर दिले.