प्रवेश घेतला, पदवीचे काय?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात हिंगोली येथे केलेले भाषण)



विद्यापीठातील शिक्षणावर मी बोलावे, अशी मंडळाने आज्ञा केली, तेव्हा मला संकोच वाटला. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला, जन्मभर खेड्यातील शाळेत मुलांना धुळाक्षरे आणि पाढे शिकविलेला माणूस. विद्यापीठाच्या पायऱ्या मी चढलो नाही. परंतु ज्याला एखादी वस्तू मिळाली नाही, त्याला तिची किंमत पुष्कळदा अधिक कळते, एवढ्याच अधिकाराने मी आपणांपुढे उभा आहे.

आताच बारावीत विशेष गुण मिळविलेल्या मुलामुलींचा सत्कार झाला. टाळ्यांनी मंडप दुमदुमला. हा आनंदाचा प्रसंग आहे आणि त्यात विरजण घालण्याची माझी यत्किंचितही इच्छा नाही. तथापि एक प्रश्न विचारल्यावाचून माझ्याने राहवत नाही. चार वर्षांपूर्वी याच व्यासपीठावर ज्यांच्या गळ्यात आपण हार घातले, त्यांपैकी पदवी घेऊन किती जण बाहेर पडले? मी कार्यवाहांना विचारले. त्यांच्याजवळ उत्तर नाही. आपणांपैकी कोणाजवळही नाही, आणि माझ्याजवळही नाही.

आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना उच्च शिक्षण किती दूर होते, हे आपण जाणतोच. निजामी अमदानीत विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. ते 1918 साली निघाले आणि तेथील शिक्षण उर्दूतून. त्यामुळे मराठी मुलाला आधी भाषेचा डोंगर ओलांडावा लागे. पुढे 1950 साली त्या वेळच्या औरंगाबादेस डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेचे मिलिंद महाविद्यालय आणि नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. 17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला आपला हिंगोली जिल्हा त्याच्याच कक्षेत आला. म्हणजे ज्या विद्येसाठी आजोबांना हैदराबाद गाठावे लागे, ती नातवाच्या तालुक्याच्या गावी आली. दार जवळ आले, हे खरे. पण दार जवळ येणे वेगळे आणि घर ओलांडून पलीकडे निघणे वेगळे.

2021-22 सालच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाप्रमाणे 18 ते 23 वयाच्या शंभर तरुणांमागे सुमारे 28 नावे उच्च शिक्षणाच्या पटावर होती. 2035 पर्यंत ती 50 व्हावीत, असा राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा संकल्प आहे. हा आकडा पटावरील नावांचा आहे. ज्यांनी प्रवेश घेतला, त्याच मुलांपैकी किती जण शेवटपर्यंत टिकले, हे त्यावरून कळत नाही. अमेरिकेत 1990 साली कायदा होऊन प्रत्येक महाविद्यालयाला हा दुसरा आकडा जाहीर करणे भाग पडले. त्या श्रीमंत देशातही 2014 साली चार वर्षांच्या पदवीसाठी दाखल झालेल्या शंभरांपैकी सुमारे 64 जणांनीच सहा वर्षांच्या आत त्याच संस्थेतून ती पूर्ण केली. तेव्हा मधेच सुटणे हा आपल्याच मुलांच्या बुद्धीचा दोष आहे, असे कोणी समजू नये. फरक एवढाच की त्यांनी मोजले, आणि मोजल्यामुळे त्यांना विचार करणे भाग पडले.

आपली मुले का सुटतात? मोठी कारणे सर्वांना ठाऊक आहेत. मी लहान कारणे सांगतो, कारण मोठ्या कारणांना सरकार लागते, लहान कारणांना शेजारी पुरतो.

चार वर्षांपूर्वी सत्कार झालेल्या मुलींपैकी एक माझी विद्यार्थिनी. तिचे प्रशस्तिपत्र मीच माझ्या हाताने दिले होते. दोन वर्षांनी ती मला वसमतच्या बसस्थानकावर भेटली. मी सहज विचारले, "काय बाळ, यंदा तिसरे वर्ष ना?" ती म्हणाली, "गुरुजी, मी केव्हाच घरी बसले." दुसऱ्या सत्राच्या परीक्षेच्या दिवसांत घरी हळद शिजविणे चालू होते. एका पेपरास ती जाऊ शकली नाही. गुणपत्रिकेत तो विषय राहिल्याचे दिसले. वडिलांनी कोणाकडून तरी ती वाचून घेतली आणि पोरगी नापास झाली, असे समजून पुढची फी भरली नाही. राहिलेला विषय पुन्हा देऊन सोडविता येतो, एका विषयाने शिक्षण संपत नाही, हे त्या घरात सांगणारे कोणी नव्हते. मी तिला म्हणालो, "मला कळवायचे होतेस." ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही विचारले असते तर सांगितले असते." त्या रात्री मला झोप लागली नाही. तो दोष ना तिच्या वडिलांचा, ना कॉलेजचा. तो माझा होता.

आणि तो दोष मी ओळखावयास हवा होता, कारण मी स्वतः त्याच वाटेने गेलो आहे. नोकरीत असताना मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमात मी नाव घातले, पुस्तके आणली, काही दिवस कंदिलाच्या उजेडात वाचलीही. परीक्षेच्या सुमारास घरात आजारपण आले आणि मी बसलो नाही. पुढच्या वर्षी बसू म्हणालो. ते पुढचे वर्ष आले नाही. मला कोणी काढून टाकले नाही, मी सोडले असेही कोणास सांगितले नाही. शिक्षण असेच सुटते, बंधूंनो. ते तुटत नाही, विरत जाते, आणि शेजारच्या घरालासुद्धा त्याचा आवाज येत नाही.

आपल्या जिल्ह्याचे कामाचे दिवस आणि परीक्षेचे दिवस एकमेकांना छेदतात. सोयाबीनची काढणी दसऱ्याच्या आगेमागे, त्यानंतर लवकरच पहिल्या सत्राची परीक्षा. हळदीची काढणी, शिजवणी आणि वाळवण फाल्गुन-चैत्रात, त्याच सुमारास दुसऱ्या सत्राची परीक्षा जवळ येते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा तर निम्मा संसारच परजिल्ह्यात. मुलींची आणखी एक अडचण आहे. अहिल्याबाई होळकर योजनेखाली त्यांना एस.टी.चा पास बारावीपर्यंत मोफत मिळतो. बारावी झाली की सवलतीचा का होईना, पैसा मोजावा लागतो, आणि नेमक्या त्याच वर्षी घरात स्थळांची बोलणी सुरू होतात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा लागतो. बँकेच्या खात्याला आधार जोडलेले नसले तर मंजूर रक्कमही अडकते. रक्कम थोडी असते, पण ती वेळेवर न आली तर परीक्षेची फी राहते.

आता नव्या धोरणाप्रमाणे एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी अशी सोय झाली आहे. मिळविलेले श्रेयांक खात्यात जमा राहतात आणि ठराविक मुदतीत विद्यार्थ्याला परत येता येते. ही सोय फार चांगली आहे. परंतु पालकहो, हे दार परत येण्यासाठी उघडे ठेवले आहे, मुलीला एका वर्षाच्या कागदावर घरी आणण्यासाठी नव्हे.

मंडळापुढे मी तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, आज ज्यांचा सत्कार झाला त्यांची नावे एका नोंदवहीत लिहावीत, आणि प्रत्येक नावापुढे एका सभासदाचे नाव असावे. त्याने दिवाळीत आणि उन्हाळ्यात, वर्षातून दोनदा, त्या घरी जाऊन एवढेच विचारावे : परीक्षेचा अर्ज भरला काय? विषय राहिला काय? शिष्यवृत्ती आली काय? दुसरी, मंडळाच्या निधीतून थोडी रक्कम केवळ बसच्या पासासाठी आणि परीक्षा फीसाठी राखून ठेवावी, आणि ती मागणाऱ्याचे नाव कोठेही जाहीर करू नये. तिसरी, पुढील वर्षापासून पदवी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाचा सत्कार व्हावा, मग गुण कितीही असोत. खंड पडल्यानंतर, विवाहानंतर, राहिलेले विषय सोडवून जो अगर जी पदवी घेईल, त्यांना पहिल्या रांगेत बसवावे.

मुंबई विद्यापीठाची पहिली बी.ए.ची परीक्षा 1862 साली झाली. तीत चौघे उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्या चौघांची नावे आजही घेतली जातात. त्यांच्याबरोबर शिकू लागून मधेच घरी परतलेल्यांची नावे कोणास ठाऊक आहेत? आपल्या समाजात तसे होऊ नये.

नोंदवहीतील वसमत तालुक्याची पाने सांभाळण्याचे काम माझ्याकडे द्यावे, अशी विनंती आहे. निवृत्त माणसाला वेळ आहे, आणि पाय अजून चालतात. पहिली भेट मी त्याच मुलीच्या घरी देणार आहे. तिचा एकच विषय राहिला होता.