गॉथिक मंदिरे व त्यांचे पाषाणशिल्प
(शतकमहोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवसांत आपली दृष्टी साहजिकच देवमंदिराच्या भिंतींकडे वळते. त्या कोणी उभारल्या व कोणासाठी उभारल्या, याचा विचार आज गॉथिक शिल्पाच्या आधारे करावयाचा आहे. हे शिल्प आपणांस परके नाही. १९१३ साली बांधून झालेले भायखळ्याचे ग्लोरिया चर्च व कुलाब्याचे पवित्र नावाचे कॅथेड्रल ही त्याच घराण्यातली. घराण्याचे मूळ मात्र फ्रान्स देशात आहे.

पॅरिसनजीक सें दनी येथे मठाधिपती सुजे यांनी ११४० ते ११४४ या काळात आपल्या मठमंदिराचा पूर्वभाग नव्याने बांधविला. तोवर दगडी छताचा भार भिंती पेलीत. म्हणून भिंती जाड, खिडक्या लहान आणि आत काळोख. आता टोकदार कमानी व छताच्या दगडी फासळ्या यांनी तो भार खांबांवर आणून सोडला. छताचा बाहेर ढकलणारा रेटा झेलण्यास पुढे बाहेरून अर्धकमानींचे टेकू आले. भिंतीचे ओझे उतरले, आणि तिच्या जागी बसविलेल्या रंगीत काचांतून प्रकाश आत आला.

या मंदिरांचे दुसरे वैभव म्हणजे कोरीव काम. शार्त्र येथील पश्चिमद्वार बाराव्या शतकाच्या मध्यास घडले; ११९४ च्या भीषण आगीतून ते वाचले. मधल्या दारावर वैभवशाली ख्रिस्त आणि सभोवती चार शुभवर्तमानकारांची चिन्हे आहेत. दारांच्या बाजूंस राजे व राण्या स्तंभांसारख्या ताठ उभ्या आहेत. आणि डाव्या दाराच्या कमानीत बारा महिन्यांची कामे कोरली आहेत. त्यांत पीक कापणारा शेतकरीही आहे. ज्यास अक्षर येत नव्हते, त्याने या दारी प्रभूला ओळखले आणि आपल्या कष्टालाही तेथे जागा आहे हे पाहिले. असे दगड घडविणारे बहुतेक कारागीर मात्र अनामिकच राहिले.

आपल्या मुंबईतही हेच दिसते. १८८८ साली पुरे झालेले व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आपल्या परिचयाचे आहे. तेथील पाने, पक्षी व प्राणी कोरण्यात सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. त्यांची नावे आपणांपैकी किती जण सांगू शकतील?

आता प्रस्तुत विषयाकडे येतो. महोत्सवनिधीतून देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसवावी, अशी सूचना आली आहे. हेतू चांगला आहे. तरी माझे मत प्रतिकूल आहे. हे मंदिर परळ-लालबागच्या गिरणीकामगारांनी पगारातून काढून दिलेल्या आण्यांवर उभे राहिले. १९८२ च्या संपानंतर त्यांतील कित्येक कुटुंबे येथून उठली. त्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत, म्हणून ती पाटीवर येणार नाहीत. आणि मग ती पाटी आपल्याच वडीलधाऱ्यांना विसरल्यासारखी होईल.

पॅरिसचे नोत्र दाम मंदिर २०१९ साली जळाले. सुतार, गवंडी व पाथरवट यांच्या परिश्रमांनी ते डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. मोडलेले सावरणे हीही उपासनाच आहे. आपले छत दर पावसाळ्यात गळते. पाटीचा खर्च त्या दुरुस्तीस लावावा, आणि महोत्सवाची एक पवित्र मिस्सा त्या अनामिक दात्यांच्या आत्म्यांसाठी अर्पावी, अशी सभेस माझी नम्र विनंती आहे.

परमेश्वर आपणां सर्वांचे कल्याण करो.