कुष्ठरोगातून बरी झालेली बाई जाते कुठे?

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य-शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



बायकांच्या आरोग्यावर बोलायचं म्हटलं की बाळंतपण, रक्तपांढरी, गर्भाशयाचे आजार हे विषय आपोआप पुढे येतात. मी मात्र कुष्ठरोगाचा विषय मुद्दाम मागून घेतला. हा विषय आपण आजवर समाजसेवकांवर सोपवून मोकळ्या झालो आहोत. महाराष्ट्रात या कामाची परंपरा मोठी आहे. मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं, बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याला आनंदवन उभं केलं. टाकलेल्या माणसांना त्यांनी जवळ केलं. पण बाईला टाकलं कोणी आणि का, हा प्रश्न स्त्री-चळवळीचा आहे.

आधी रोगाविषयी थोडं. हा जंतूमुळे होणारा रोग आहे. तो जंतू हॅन्सन यांनी नॉर्वेमध्ये १८७३ साली शोधून काढला. तरीही मागच्या जन्मीचं पाप, घराण्याचा दोष, बाईच्या वागणुकीचं फळ असं अजून बोललं जातं. बहुविध औषधोपचारानं रोग सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण बरा होतो. सरकारी केंद्रात गोळ्या फुकट मिळतात. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून संसर्ग होणं थांबतं. दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण, या निकषावर २००५च्या डिसेंबरात देशपातळीवर 'दूरीकरण' झाल्याचं जाहीर झालं. लोकांनी त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला. पण २०२२ साली जगात सापडलेल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्याच देशातले होते.

आता बाईचं काय होतं ते पाहू. चट्टा पाठीवर, मांडीवर असला तर ती तो कोणाला दाखवणार? तपासणारा पुरुष असला तर लुगडं बाजूला करायची लाज, आणि सासरी कळलं तर काय होईल याची भीती. चट्टा दुखत नाही, खाजत नाही. मग अंगावर काढणं सोपं असतं. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत रिअ‍ॅक्शन येऊन नसा सुजण्याचा धोका वाढतो, आणि नेमकं तेव्हाच तिच्या दुखण्याकडे कोणाचं लक्ष नसतं. उपचारातल्या क्लोफाझिमिन या गोळीनं अंग काळपट पडतं. गोळ्या थांबल्यावर काही महिन्यांत रंग हळूहळू निवळतो. पण लग्नाच्या मुलीला आणि तिच्या आईला ते महिने जड जातात. गोळी मध्येच सोडणाऱ्या मुली आम्हाला भेटतात.

बोटं 'झडतात' असं आपण म्हणतो. बोटं रोगानं झडत नाहीत. नस मेली की हात बधिर होतो, चटका कळत नाही, काटा रुतलेला कळत नाही, आणि न कळलेली जखम चिघळत आत हाडापर्यंत जाते. हात बधिर झालेली बाई दिवसभर काय करते? तव्यावरची भाकरी हातानं उलटते, चुलीवरचं पातेलं फडक्यानं उतरवते, अनवाणी शेतात जाते. पुरुषाला चार दिवस विश्रांती मिळते, बाईला मिळत नाही. म्हणजे जे काम तिच्यावर लादलेलं आहे तेच तिला विद्रूप करतं, आणि मग त्याच विद्रूपतेचं कारण सांगून तिला घराबाहेर काढलं जातं.

एका बाईची हकीकत सांगते. वय तिशीचं. बारा महिने गोळ्या नेमानं घेतल्या, उपचार पूर्ण झाल्याचं कार्ड मिळालं. पण आजारात वेगळं केलेलं ताट वेगळंच राहिलं. स्वयंपाकाला हात लावायचा नाही, पाणी भरायचं नाही, धाकटीला जवळ घ्यायचं नाही. शेणगोठा आणि निंदणी मात्र तिच्याकडेच. तिचा हात निंदायला चालत होता, भाकरी थापायला चालत नव्हता! शेवटी 'चार दिवस माहेरी जाऊन ये' म्हणून पाठवली, ती परत नेलीच नाही. वर्षभरात नवऱ्यानं दुसरी आणली. माहेरी भावजय म्हणाली, "आमच्या पोरींची लग्नं व्हायचीत."

तोच रोग नवऱ्याला झाला असता तर? बायकोनं त्याच्या जखमा धुतल्या असत्या आणि गावानं तिला पतिव्रता म्हटलं असतं. बायकोची सेवा करणारे नवरे आहेत, मी पाहिले आहेत. पण ते इतके थोडे की लोक त्यांची नावं घेतात.

कायदा काय म्हणतो? बहुविध उपचार देशात १९८३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून मिळू लागले. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात राहिलंच. ते २०१९ साली पाच वैयक्तिक कायद्यांतून काढलं गेलं. रोग बरा होऊ लागल्यावर कायदा बरा व्हायला छत्तीस वर्षं लागली! दुरुस्ती चांगली झाली. पण आत्ता सांगितलेल्या बाईला घटस्फोट दिलाच कुठे होता? तिला नुसतं टाकलं होतं. कोर्टाची पायरी न चढता बाई टाकता येते, हे परित्यक्तांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कुष्ठरोगातून बरी झालेली, घराबाहेर काढलेली बाई ही परित्यक्ता आहे. तिला दयेची वस्तू करू नका, आपल्या यादीत घ्या. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं सासरच्या घरात राहण्याचा हक्क तिलाही आहे, संरक्षण अधिकाऱ्याकडे तिचाही अर्ज जाऊ शकतो. पूर्वी १२५ कलमाखाली मागायची ती पोटगी आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ कलमाखाली मागता येते. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश आहे, तो दाखला तिला काढून द्या. वाकडी झालेली बोटं शस्त्रक्रियेनं बऱ्याचदा सरळ करता येतात, बधिर पायांसाठी मऊ रबराच्या चपला मिळतात, याची माहिती तिच्यापर्यंत पोचवा.

आणखी एक. केंद्रावर बाईला मिळणाऱ्या कार्डावर गोळ्या संपल्याची नोंद होते. तिचं ताट परत पंगतीत आलं का, लेकरू तिच्या कुशीत झोपतं का, याची नोंद तिथे होत नाही. घरोघरी जाल तेव्हा हे दोन प्रश्न तुम्ही विचारा. उत्तर 'नाही' असेल तर तिचा उपचार पुरा झालेला नाही असं धरा आणि त्या घरी पुन्हा जा. सासू, नवरा, सरपंच, सगळ्यांसमोर बसून बोला, आणि जेवायला विचारलं तर तिच्या हातची भाकरी मागा.